पक्के बिल

भाषणे लिहून देणे हा माझा जोडधंदा आहे. धंदा म्हणायचे ते केवळ रीत म्हणून. त्यात पैसा कधी मिळाला नाही. मिळाला तर नारळ, आणि फारच झाले तर शाल. माझ्या कादंबऱ्या आमच्या गावात कोणी उघडल्या असतील तर त्या वाचनालयाच्या ग्रंथपालाने, आणि त्याही शिक्का मारण्यापुरत्या. पण भाषणे लिहून देणारा मास्तर म्हणून माझे नाव कृष्णेच्या पैलतीरापर्यंत गेलेले आहे. मॅट्रिक झाल्यावर चित्रकलेची पदविका घेतली, शाळेत चिकटलो, आणि शिक्षण तिथेच थांबले. त्यामुळे अर्थशास्त्र, राज्यशास्त्र असल्या विषयांचे मला मुळीच भय वाटत नाही. विषय कळणाऱ्या माणसाला लिहिताना अडखळायला होते. माझे तसे नाही.

गेल्या वर्षी दसरा झाला आणि आमची कन्या वही घेऊन माझ्या खुर्चीपाशी येऊन उभी राहिली. ती अकरावीत होती. कॉलेजात वक्तृत्वस्पर्धा होती आणि विषय होता : ‘कर टाळणाऱ्या बड्या कंपन्यांवर ग्राहकांनी बहिष्कार घालावा काय?’ चिठ्ठी टाकून तिच्या वाट्याला ‘घालावा’ ही बाजू आली होती.

“बाबा, तुम्ही लिहून द्यायचं नाही,” ती म्हणाली. “फक्त मुद्दे सांगायचे.”

लिहून द्यायचे नाही म्हटल्यावर माझा उत्साह निम्म्याने मावळला. तरी मी मुद्दे काढायला बसलो. सांगायला लाज वाटते, पण तासाभरात जे मुद्दे निघाले त्यांत एकही मुद्दा नव्हता. सगळी आरोळीच होती. ‘ग्राहकराजा, जागा हो!’ असे तीनदा आले होते. कन्येने ते वाचले, वही मिटली आणि म्हणाली, “मी आत्याला फोन करते.”

ही आत्या म्हणजे माझी मावसबहीण. वीस-एक वर्षे झाली, ती इंग्लंडात परिचारिका आहे. तिने सांगितलेली हकीकत कन्येने मला सांगितली आणि मग मलाही त्या विषयात गोडी वाटू लागली. आधी ती हकीकतच सांगतो.

२०१२ साली आमची ही बहीण रात्रपाळी संपवून घरी जाताना वाटेवरच्या स्टारबक्सच्या दुकानात कॉफी घेत असे. त्या वर्षी १५ ऑक्टोबरला रॉयटर्स या वृत्तसंस्थेने एक बातमी दिली. या कॉफीवाल्या कंपनीने १९९८ मध्ये ब्रिटनमध्ये पाय ठेवल्यापासून तीन अब्ज पौंडांहून अधिक विक्री केली होती, आणि एवढ्या चौदा वर्षांत नफ्यावरचा कर भरला होता ८६ लाख पौंड. म्हणजे शंभर पौंडांच्या विक्रीमागे सरकारच्या हाती तीस पेन्ससुद्धा पडले नाहीत. शेवटच्या तीन वर्षांत तर तेवढेही नाहीत. आता कर विक्रीवर नसतो, नफ्यावर असतो, हे मलाही कळते. पण कंपनीचे म्हणणे असे की, नफा झालाच नाही!

“दादा, माझा कर पगार हातात पडायच्या आधीच कापलेला असतो,” बहीण पुढे मला फोनवर म्हणाली. “मला कुणी विचारत नाही, बाई, यंदा जमेल का म्हणून.”

योगायोग असा की, त्याच आठवड्यात, १९ ऑक्टोबरला, मुंबईत हॉर्निमन सर्कलला याच कंपनीचे हिंदुस्थानातले पहिले दुकान उघडले. ते टाटांच्या निम्म्या भागीदारीतले. विलायतेतल्या त्या प्रकरणाशी त्याचा काही संबंध नव्हता. आमच्या शाळेतले एक तरुण शिक्षक त्या रांगेत उभे राहून आले होते. कॉफी कशी होती हे त्यांना नीट सांगता आले नाही, पण तो कागदी पेला त्यांनी शिक्षकांच्या खोलीत पेन्सिली ठेवायला आणून ठेवला आणि तो दोन वर्षे टिकला.

तीन अब्जांचा गल्ला आणि नफा शून्य, हे गणित जमते कसे? कन्येने मला तीनदा समजावले. तिसऱ्यांदा मी तिला थांबवले आणि माझ्या भाषेत ते मांडून पाहिले. समजा, एस. टी. स्टँडसमोर एकाने चहाची गाडी टाकली आहे. गाडीवर जे नाव रंगवले आहे ते आपले नव्हेच, आपल्या मामाच्या मालकीचे आहे, असे त्याने लिहून दिले. दर शंभर रुपयांच्या विक्रीमागे सहा रुपये तो मामाला नावाचे भाडे म्हणून पाठवतो. चहाची पत्ती तो बाजारातून घेत नाही. ती मावशीकडून घेतो. मावशी राहते दूर, कर हलका असलेल्या मुलखात, आणि भाच्याला पत्ती देताना ती वीस टक्के चढवून देते. गाडीचे भांडवल त्याने सख्ख्या वडिलांकडून चढ्या व्याजाने घेतले आहे. वर्षअखेरीस कराचा साहेब आला की हा हात जोडतो : “साहेब, यंदाही खोट आली!” वही बघावी तर खरोखरच खोट आलेली. फक्त मामा, मावशी, वडील आणि हा, चौघेही एकाच चुलीवर जेवतात.

मामा म्हणजे आम्स्टरडॅमची कंपनी, मावशी स्वित्झर्लंडची आणि वडील अमेरिकेचे. यातली खरी मौज पुढेच आहे. हाच चहावाला सासरवाडीला मात्र कळवतो की धंदा झकास चालला आहे. ब्रिटनमधल्या हिशेबात तोटा दाखवणाऱ्या या कंपनीचे अधिकारी गुंतवणूकदारांना ब्रिटनमधला धंदा फायद्यात असल्याचे सांगत होते. बातमीदाराने एवढेच केले, की ते दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले.

नोव्हेंबरात पार्लमेंटच्या लोकलेखा समितीपुढे तीन कंपन्यांच्या लोकांना बोलावणे गेले : स्टारबक्स, अमेझॉन आणि गूगल. अमेझॉनचा माल इंग्लंडातल्या गोदामातून निघून इंग्लंडातल्याच घरी पोचत असे, पण विक्रीची नोंद होत असे लक्झेंबर्गच्या कंपनीच्या नावे. गूगलचा हिशेब आयर्लंडकडे. समितीच्या अध्यक्ष होत्या मार्गारेट हॉज. तुम्ही कायदा मोडलात असा आमचा आरोप नाही, अनीतीने वागलात असा आहे, अशा अर्थाचे त्या बोलल्या. आमच्या कन्येला हे फार आवडले. मला तितकेसे नाही. कायदा करणाऱ्यांनीच कायद्यात खिंडार ठेवायचे आणि त्यातून निघून गेलेल्याला नीतीचा पाठ द्यायचा, यात मला मास्तरकीचा वास आला. स्वतः मास्तर असल्यामुळे तो मला लांबूनच ओळखू येतो.

तोवर गिऱ्हाईक मात्र पेटले होते. आमच्या बहिणीने आपला रस्ता बदलला. शेजारच्या बोळात एक इटालियन म्हातारा कॉफी विकत असे, तिथे ती जाऊ लागली. तिच्यासारखे पुष्कळ निघाले. निदर्शकांनी ८ डिसेंबर हा दिवस ठरवला : दुकानांतून शिरायचे आणि तिथेच पाळणाघर मांडायचे, बेघरांचा निवारा उघडायचा. सरकार पैसा नाही म्हणून ज्या ज्या गोष्टींना कात्री लावत होते, त्या त्या गोष्टी कॉफीच्या टेबलांवर आणून ठेवायच्या. ही कल्पना मला फार सुंदर वाटली. घोषणेपेक्षा रांगणारे मूल अधिक बोलते.

त्याच्या दोनच दिवस आधी, ६ डिसेंबरला, कंपनीने जाहीर केले की नफा होवो न होवो, पुढची दोन वर्षे आम्ही मिळून सुमारे दोन कोटी पौंड कर भरू. चौदा वर्षांत ८६ लाख, आणि आता दोन वर्षांत दोन कोटी, तेही कोणी मागितले नसताना!

बहिष्काराचा विजय झाला, असे कन्या म्हणाली. मी जरा घुटमळलो. आमच्या गल्लीत गणपतीची वर्गणी मागायला पोरे येतात, तेव्हा किती द्यायचे ते मी ठरवतो. घरपट्टी मात्र किती हे नगरपालिका ठरवते. किती द्यायचे आणि कधी थांबायचे हे देणाराच ठरवू लागला, म्हणजे तो कर राहत नाही, वर्गणी होते. दोन कोटी पौंडांची वर्गणी! पावतीवर फक्त ‘मंडळ आपले आभारी आहे’ एवढे छापायचे राहिले.

पण मी तेवढ्यावर थांबलो असतो तर अन्याय झाला असता, कारण पुढे आणखीही घडले. २०१४ मध्ये या कंपनीने आपले युरोपातले मुख्य बिऱ्हाड आम्स्टरडॅमहून लंडनला हलवले. एप्रिल २०१५ पासून ब्रिटनने वळवून नेलेल्या नफ्यावर २५ टक्के कर बसवला. लोकांनी त्याला ‘गूगल टॅक्स’ म्हटले. त्याच वर्षी अमेझॉनने ब्रिटनमधली विक्री ब्रिटनमध्येच नोंदवायला सुरुवात केली. पुढे २०२१ मध्ये १३० हून अधिक देशांनी मोठ्या कंपन्यांवर निदान १५ टक्के कर असावा असे ठरवले, आणि २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेच्या नव्या अध्यक्षांनी आल्या आल्या त्यातून अंग काढून घेतले. जगाचा गाडा असाच चालतो, दोन पावले पुढे नि दीड मागे. तरी कॉफीचा एक पेला नाकारणाऱ्या परिचारिकेपासून एक वाट निघून कायद्यापर्यंत गेली, हे मला नाकारता येईना.

आता माझ्या लेखणीला धार आली. मुद्देच द्यायचे असल्यामुळे मी ते सजवून दिले. बॉयकॉट हा शब्दच मुळी एका माणसाचे आडनाव आहे. १८८० साली आयर्लंडात मेयो परगण्यात कॅप्टन बॉयकॉट नावाचे एका जमीनदाराचे कारभारी होते. कुळांनी त्यांचे काम टाकले, दुकानदारांनी त्यांना माल देणे बंद केले. शेवटी बाहेरून मजूर आणून सैनिकांच्या पहाऱ्यात पीक काढावे लागले. पाचशे पौंडांचे पीक निघाले आणि ते काढायला दहा हजार पौंड लागले, असे सांगतात. आपल्याकडे हे अस्त्र त्याच्याही आधीचे. फक्त आपण ते बहुधा चुकीच्या माणसावर उगारले. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून रानडे-टिळकांसारख्यांवर ग्रामण्य आले. पेल्यातल्या चहासाठी पिणाऱ्यावर बहिष्कार! वाळीत टाकण्याने या महाराष्ट्रात इतकी घरे उद्ध्वस्त झाली की त्याविरुद्ध २०१६ साली कायदा करावा लागला, आणि तो झाला हे उत्तम झाले. माणसाला वाळीत टाकणे निराळे आणि दुकानाकडे पाठ फिरवणे निराळे, हे भाषणात स्पष्ट सांग, असे मी कन्येला बजावले.

१९०५ ची पुण्यातली विलायती कपड्यांची होळी मी घातली. बारडोलीही घातली. तिथे कन्या थबकली.

“बाबा, बारडोलीत तर १९२८ साली लोकांनी साराच भरायचा नाकारला होता ना? मग हे आपल्या बाजूचं, की कंपनीच्या?”

प्रश्न सरळ होता आणि मला दोन मिनिटे गप्प करणारा होता. मग मी म्हणालो, “अगं, बारडोलीच्या शेतकऱ्यानं सारा नाकारला तो चारचौघांत. सारा वाढवलात, देत नाही, काय करायचं ते करा म्हणाला. जमिनी जप्त झाल्या, म्हशी जप्त झाल्या, तरी तो दारातच उभा होता. तो मामाच्या गावाला पळाला नाही.”

हे तिने लिहून घेतले. माझा एकमेव मुद्दा, जो तिने जसाच्या तसा घेतला.

रंगीत तालीम सुरू होती. मी अध्यक्ष म्हणून खुर्चीवर, आमच्या सौभाग्यवती श्रोतृवर्ग म्हणून शेंगा निवडत. कन्या जोरात आली होती. एवढ्यात दारात हातगाडी लागली आणि दोन हमाल ‘सरका, सरका’ करीत एक नवे लोखंडी कपाट घरात घेऊन आले. दिवाळीचे म्हणून मी ते घेतले होते. कन्येची पुस्तके खिडकीत पावसाने भिजत. कपाट भिंतीला लागले, हमालांना चहा झाला. कन्येने हिरव्या रंगावरून हात फिरवला आणि म्हणाली, “बाबा, याचं बिल द्या. आपण साधी माणसं एका कपाटावर किती कर भरतो ते आकड्यांनिशी सांगते. परीक्षकांना आकडे आवडतात.”

मी खिसा चाचपला. खिशात एक कागद होता. दुकानाच्या जाहिरातीच्या वहीचा चतकोर. त्यावर पेन्सिलीने लिहिले होते : ‘कपाट १, ९०००, पोचले.’

झाले होते ते असे. कपाटाची किंमत नऊ हजार. त्यावर अठरा टक्के जी. एस. टी., म्हणजे १,६२० रुपये. दुकानदाराने विचारले होते, “पक्कं करू का कच्चं?” आणि मी, ज्याने आयुष्यात साठ-सत्तर तरी भाषणे प्रामाणिकपणावर लिहून दिली असतील, त्या मी, इकडेतिकडे बघून म्हणालो होतो, “कच्चंच कर.” इतक्या सहज म्हणालो होतो की, कन्येने बिल मागेपर्यंत ते मला आठवलेसुद्धा नव्हते.

तिने तो चतकोर वाचला. रागावली असती तर बरे झाले असते. ती काही बोलली नाही. बोलल्या त्या सौभाग्यवती : “सगळेच तसं घेतात, तू काय त्यांना पोलिसात देतेस?”

“नाही गं आई,” कन्या म्हणाली. “फक्त एक विचारायचं होतं. कंपनीनं केलं ते कायद्यात बसत होतं. बाबांनी केलं ते बसतं का?”

बसत नाही. दोनशे रुपयांवरच्या विक्रीला बिल दिलेच पाहिजे, हे दुकानातल्या पोऱ्यालाही ठाऊक असते. कर टाळणे निराळे आणि कर चुकवणे निराळे, हा भेद आदल्याच दिवशी मीच तिला रेघा मारून समजावला होता. टाळणारा वकील घेऊन येतो; चुकवणाऱ्याला पेन्सिल पुरते. ज्यांच्यावर मी बहिष्काराची आरोळी ठोकत होतो ते कायद्याच्या अलीकडे उभे होते, आणि मी, नऊ हजारांच्या कपाटासह, पलीकडे.

रात्री झोप आली नाही. आमची शाळा अनुदानित. माझा पगार सरकारी तिजोरीतून येतो. आठवीपर्यंतच्या पोरांच्या हातात पडणारी बालभारतीची पुस्तके, दुपारची खिचडी, सगळे तिथूनच. खिचडीत डाळ कमी पडली म्हणून गेल्याच महिन्यात मी मुख्याध्यापकांशी भांडलो होतो. १,६२० रुपयांत डाळ किती येते, याचा हिशेब मी अंधारात तीनदा केला.

सकाळी शाळेला जाण्याआधी पाकिटात १,६२० रुपये घातले आणि दुकानावर गेलो. हा दुकानदार माझा वर्गमित्र. मॅट्रिकला एका बाकावर होतो. तो गणितात नापास झाला आणि आज माझ्या दसपट मिळवतो. गणितावरचा माझा विश्वास तेव्हापासून जरा कमीच आहे. मी पाकीट पुढे केले आणि पक्के बिल मागितले.

तो माझ्याकडे बघतच राहिला. “मास्तर, बरं वाटतंय न्हवं?”

मी सगळे सांगितले. भाषण, कॉफी, मामा-मावशी. तो हसला नाही. गल्ल्याचा खण ओढून पुन्हा बंद केला आणि हळू म्हणाला, “बिल फाडून देतो म्हटलं तरी देता यायचं नाही गड्या. तुझ्या कपाटाचा पत्राच कच्च्यात आलाय. पक्क्यात घेतलेलाच नाही, त्याचं कपाट पक्क्यात इकलं कुठनं दाखवू?”

मी म्हणालो, “मग पत्राही पक्क्यात घे.”

“घेतो की! मग कपाट दहा हजार सहाशे वीसला. तुझ्यासारखं मास्तर येणार, किंमत ऐकणार, आणि घरी जाऊन फोनवर बघणार. तिथं त्या कंपनीचं साडेआठला, दारात पोच. तिला गोदाम कुठं, हिशेब कुठं, कुणाला काय म्हाईत न्हाई. तू म्हणतोस तिच्यावर बहिष्कार घाला. बरं, घालूया. मी कच्च्यात इकतो, मग माझ्यावर बी घालणार काय?”

याला मी काय उत्तर द्यावे?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला तेव्हा आमच्या घरात गळ्याइतके पाणी होते. याच माणसाने आम्हां सगळ्यांना आपल्या माडीवर नेले, आणि चार दिवस त्याच्या घरी चूल आमच्यासाठी पेटत होती. मग पाणी माडीच्या पायऱ्या चढू लागले. तेव्हा एन. डी. आर. एफ.ची बोट आली. कन्या तेव्हा दहा वर्षांची. नारिंगी जाकीट घातलेल्या एका जवानाने तिला कडेवर घेऊन बोटीत ठेवले. तो कुठल्या प्रांतातला होता कोण जाणे, आमची भाषाही त्याला येत नव्हती. मला आठवते, बोटीचे इंजिन तीनदा बंद पडून चौथ्यांदा सुरू झाले. त्या इंजिनातले तेल कुणाच्या तरी पक्क्या बिलातून आलेले होते. माडीवरचा भात मात्र बहुधा कच्च्यातला असावा. मी दोन्ही खाऊनपिऊन जिवंत आहे.

म्हणून विषयावर माझे मत विचाराल, तर बहिष्कार घालावा, असेच मी म्हणेन. कॉफीसारख्या जिनसेवर तर जरूर घालावा. शेजारच्या बोळात म्हातारा बसलेला आहे, आपले काही अडत नाही. बहिष्काराने तिजोरी भरत नाही, हे खरे. इंग्लंडातही ती भरली नाही. पण ज्यांना कायदा करायचा असतो त्यांची झोप त्याने मोडते, आणि झोपलेल्या सरकारला वर्गणी आणि कर यांतला फरक दिसत नाही. मात्र आमच्या बहिणीने प्रांजळपणे एक सांगितले तेही सांगतो. कॉफी तिने सोडली, पण घरपोच पुस्तके मागवणे काही सोडले नाही. रात्रपाळीच्या बाईने दुकाने उघडी असताना जावे कधी? आणि जिथे रोज हसून कॉफी देणारी मुलगी होती, तिच्या दारावरून न बघता जाताना तिला चोरट्यासारखे वाटे. कर तर त्या मुलीने बुडवला नव्हता. बहिष्काराचा पहिला धक्का नेहमी काउंटरवर उभ्या असलेल्यालाच बसतो. आम्स्टरडॅमच्या मामाला तो पोचेपर्यंत वर्ष लोटते.

आणि माझ्या वर्गमित्रावर? नाही, ते मला जमणार नाही. मत आणि हिंमत यांतले अंतर मी इथे झाकून ठेवत नाही.

स्पर्धेच्या आदल्या रात्री कन्येने विचारले, “बाबा, कपाटाचं सांगू का भाषणात?”

“दुकानाचं नाव घ्यायचं नाही,” मी म्हणालो.

“दुकानाचं नाही हो. आपलं.”

सभागृहात मी शेवटच्या रांगेत बसलो होतो. माझ्या शेजारी आमचे मुख्याध्यापक. पुढल्या रांगेत दोन पालक, ज्यांच्या मुलांना मीच कधीतरी प्रामाणिकपणावर भाषणे लिहून दिलेली. कन्येने कॅप्टन बॉयकॉट गाळला, पंचहौद गाळला. स्टारबक्स सांगितली, वर्गणी आणि कर सांगितले, बारडोलीचा शेतकरी सांगितला. मग म्हणाली, “आमच्या घरात एक हिरवं कपाट आहे,” आणि ते सगळे, आकड्यांनिशी, जसे घडले तसे सांगितले. मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिले नाही. ते फार सज्जन आहेत. सभागृहात मात्र एक विचित्र शांतता पसरली. मी त्या शांततेत आजूबाजूचे चेहरे बघत होतो, आणि मला वाटले, इथे जमलेल्या तीनशे माणसांपैकी बहुतेकजण आपापल्या घरातली कपाटे, पंखे नि टाइल्स मोजत आहेत.

तिला दुसरा क्रमांक मिळाला. पहिला क्रमांक ‘घालू नये’ या बाजूच्या एका मुलाला मिळाला, आणि खरे सांगायचे तर तो छानच बोलला. बक्षीस म्हणून कन्येला मिळाला एक स्टीलचा डबा. घरी आल्यावर तिने तो उलटा करून त्याखाली बिल चिकटवले आहे का ते पाहिले. तेव्हा आम्ही तिघेही हसलो. त्या दिवसांत पहिल्यांदाच.

वर्गमित्राशी बोलणे चालू आहे. चार महिन्यांनी एकदा त्याने दुकानातून हाक मारली आणि म्हणाला, “मास्तर, या खेपेचा निम्मा पत्रा पक्क्यात घेतलाय.” निम्माच का, हे मी विचारले नाही.

१,६२० रुपयांचे पाकीट तसेच राहिले. शाळेच्या खिचडीला द्यावे असे एकदा मनात आले, पण ती पुन्हा वर्गणीच झाली असती. सरकारला पाठवावे तर कोणत्या खिडकीवर आणि काय म्हणून? म्हणून ते मी कपाटाच्याच चोरकप्प्यात ठेवून दिले. परवा सौभाग्यवती दिवाळीचे आवरताना कप्पा उघडून बसल्या होत्या. पाकीट हातात धरून त्यांनी विचारले, “अहो, हे यंदा फराळाच्या सामानाला घेऊ का?”

कन्या पलीकडे रांगोळीचे ठिपके मोजत होती. तिने मान वर केली नाही, पण मोजणे थांबवले.

“सामान कुठून आणणार?” मी विचारले.